सायप्रसची मांजरे

मांजर माणसाळले ते इजिप्तमध्ये, असे आपण ऐकत आलो. पण सायप्रस बेटावरची सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची एक कबर २००४ साली जगापुढे आली. माणसाशेजारी मांजर पुरलेले. त्याच बेटावर २०२३ मध्ये मांजरांच्या कोरोनाने थैमान घातले. हा आपला कोव्हिड नव्हे. पोटात पाणी होऊन मांजर दगावते, हे बोस्टनच्या जीन होल्झवर्थ यांनी १९६३ मध्येच नोंदवले होते. सायप्रसच्या विषाणूने तर कुत्र्यांच्या कोरोनाचा तुकडाही उचलला होता.

औषध कॅलिफोर्नियात सापडले. २०१९ च्या प्रयोगात ३१ पैकी २५ मांजरे वाचली. तरी ते रीतसर बाजारात येईना. माणसे चोरट्या मार्गाने मागवत. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये सायप्रस सरकारने माणसांच्या कोव्हिडसाठी घेतलेल्या गोळ्या मांजरांना खुल्या केल्या. कुणी याला लाड म्हणेल. मी नाही म्हणणार.