राजा दिनकर केळकर संग्रहालय : वस्तुरूप इतिहासाची जडणघडण

१९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे जमविण्याचे मौलिक कार्य केले. मात्र कागदपत्रांत राजकारण व लढाया जितक्या ठळक दिसतात, तितके घरातील दैनंदिन जीवन दिसत नाही. या जीवनाची साधने जतन करण्याचे श्रेय डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांच्याकडे जाते.

'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणाऱ्या केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तुसंग्रहास प्रारंभ केला. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ लाभली. अल्पवयात निवर्तलेल्या राजा या पुत्राचे नाव संग्रहालयास देण्यात आले. वाड्यांचे कोरीव दरवाजे, दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये त्यांनी भारतभरातून जमविली. कोथरूड येथील मस्तानी महालही संग्रहालयात आणून पुन्हा उभारण्यात आला. केळकरांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. अशा रीतीने कौटुंबिक स्मृती सार्वजनिक ठेव बनली.

अडकित्त्याची घडण कारागिराचे कौशल्य सांगते, तसेच विड्याभोवतीचा सामाजिक शिष्टाचारही सूचित करते. तथापि पत्रावर बहुधा तिथी व नाव असते, वस्तूवर ते क्वचितच आढळते. मूळ घरापासून दुरावलेल्या वस्तूचे गाव, जात-व्यवसाय व वापर यांची नोंद वेळीच न झाल्यास ती केवळ शोभेची उरते.

सारांश, संग्रहाइतकेच नोंदीलाही महत्त्व आहे. जुने वाडे पाडले जात असताना महाविद्यालयीन इतिहास विभागांनी आपापल्या परिसरात हे नोंदकार्य हाती घेणे अगत्याचे आहे.