विसरलेल्या केंद्रकाचं गणित

तापलेलं अणुकेंद्रक कसं फुटतं याचे हिशेब मांडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या विद्येचा इतिहास सांगणारे बहुधा हान आणि स्ट्रासमान यांना डिसेंबर 1938 मध्ये युरेनियमचं केंद्रक फुटून सापडलेल्या बेरियमपासून सुरुवात करतात. मला विचाराल तर तो 1936 पासून, कोपनहेगनहून धरायला हवा. नील्स बोर यांनी तेव्हा केंद्रकासाठी उथळ वाडग्यातल्या बिलियर्डच्या चेंडूंचा दाखला दिला. बाहेरून आलेला चेंडू आपली ऊर्जा सगळ्यांत वाटून टाकतो आणि आपण कशामुळे तापलो हे केंद्रक विसरून जातं.

हे विसरणं गृहीत धरता आलं, म्हणूनच 1937 साली वाइसकोफ यांना तापलेल्या केंद्रकातून न्यूट्रॉन सुटण्याचं, म्हणजे त्यांच्या ‘बाष्पीभवनाचं’, सूत्र मांडता आलं. विखंडनावरचा, म्हणजे केंद्रकाचे दोन तुकडे होण्यावरचा, बोर-व्हीलर यांचा निबंध त्यानंतर 1 सप्टेंबर 1939 ला आला.

प्रत्यक्ष काम चालतं ते असं. समजा, केंद्रकात 100 एमईव्ही ऊर्जा साठली आहे. न्यूट्रॉन सुटायला साधारण 8 खर्च होतात, शिवाय तो स्वतः दोन-चार घेऊन जातो. प्रोटॉन आणि अल्फा कणांना विद्युतभाराचा अडसर असतो. प्रत्येक वाटेची शक्यता काढायची, एक यदृच्छ आकडा घेऊन त्यातली एक वाट निवडायची, ऊर्जा वजा करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. कण सोडण्याइतकी ऊर्जा उरली नाही की गॅमा किरण. हजारो केंद्रकं अशी थंड केली की मग कुठे प्रयोगाशी ताडून पाहता येईल असा आलेख मिळतो. 1950 च्या दशकाच्या अखेरीस हे संगणकावर होऊ लागलं.

पण विखंडनात डिटेक्टरपर्यंत पोचतो तो तुकडा जन्मला तसा उरलेला नसतो. न्यूट्रॉन टाकून तो हलका झालेला असतो. मग ते न्यूट्रॉन निघाले नेमके केव्हा? 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॉम्बेच्या अप्सरा अणुभट्टीवर राजा रामण्णा, एस. एस. कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरेनियम-235 घेऊन हेच तपासलं. धावत्या तुकड्यातून सुटलेले न्यूट्रॉन त्याच्याच दिशेने जास्त आणि आडवे कमी दिसायला हवेत. बहुतेक तसेच दिसले. सुमारे दहावा हिस्सा मात्र सगळ्या दिशांना सारखा पसरलेला होता, जणू तुकडे तुटता तुटताच सुटलेला. बाष्पीभवनाच्या सूत्रात तो बसत नाही. त्याच्या प्रमाणावर अजूनही एकमत नाही, आणि विखंडनाचा नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याला तो धरायचा की सोडायचा हे आजही ठरवावं लागतं.