विद्युत वाहनांचे रिकॉल (भारत)

विद्युत वाहनांचे रिकॉल म्हणजे बॅटरीत किंवा अन्य भागांत सुरक्षाविषयक दोष आढळल्यास विकलेली वाहने उत्पादकाने परत मागवणे होय. मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ मधील कलम ११०-अ नुसार केंद्र सरकारही तसा आदेश देऊ शकते. अशा वेळी उत्पादकाला किंमत परत करणे, वाहन बदलून देणे किंवा ते दुरुस्त करणे बंधनकारक असते.

प्रमुख घटना

डिसेंबर २०२० मध्ये ह्युंदाईने भारतातील ४५६ कोना मोटारी बॅटरी तपासणीसाठी परत मागवल्या. मार्च २०२२ मध्ये पुण्यातील लोहगाव येथे ओला स्कूटरने पेट घेतला. एप्रिलमध्ये कंपनीने १,४४१ स्कूटर परत मागवल्या. जून २०२२ मध्ये वसईत टाटा नेक्सॉन मोटारीला आग लागल्यावर केंद्राने चौकशीचे आदेश दिले. १ डिसेंबर २०२२ पासून बॅटरी सुरक्षेची सुधारित मानके टप्प्याटप्प्याने लागू झाली.

दुरुस्ती व हमी

बॅटरी हा वाहनाचा सर्वांत महाग भाग असल्याने हमीच्या अटी मालकांसाठी महत्त्वाच्या ठरतात. मोटारींच्या बॅटरीला अनेकदा ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत हमी असते. ती प्रामुख्याने उत्पादनातील दोषांपुरती असते. अनधिकृत ठिकाणी बॅटरी उघडल्यास ती रद्द होऊ शकते. पुराच्या पाण्याने झालेले नुकसानही सहसा तीत येत नाही. त्यामुळे पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या मालाड भुयारी मार्गासारख्या सखल भागांतील मालकांना विम्यावर अवलंबून राहावे लागते.