तारेची कडकट्ट आणि लोखंडी गोळा

मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, निघालो की रोटेगाव आणि परसोडा मागे टाकून गाडी लासूर स्टेशनला येते. मूळ लासूर गाव वेगळे. रुळाच्या कडेने वाढलेल्या या बाजारपेठेच्या नावातच 'स्टेशन' आहे, यावरून तिचा जन्म कशामुळे झाला ते कळते. सन १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने हैदराबाद ते मनमाड हा सुमारे ६२९ किलोमीटरचा मार्ग बांधला. रूळ मीटर गेजचे, आणि मार्ग एकेरी.

एकेरी मार्गावर अडचण कोणती येते, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर दोन बिंदू आणि एक रेघ काढून चटकन समजावता येईल. दोन स्थानकांच्या मधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. पण पुढचे स्थानक तर नजरेच्या टप्प्याबाहेर! तेव्हा मधला मार्ग मोकळा आहे हे स्टेशन मास्तरला कळावे कसे? जुने उत्तर असे : तारयंत्रावरून पुढच्या स्थानकाला विचारायचे, 'लाइन क्लिअर' मिळाली की तसा कागद लिहून चालकाच्या हाती द्यायचा. प्रवाशांचे प्राण त्या कागदावर आणि तो लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून असत.

कानावर, असे आम्ही मुद्दाम म्हटले. मोर्सचे मूळ यंत्र ऐकण्यासाठी नव्हतेच. ते कागदाच्या पट्टीवर टिंबे आणि रेघा उमटवी आणि कर्मचाऱ्याने त्या डोळ्यांनी वाचायच्या, अशी योजना होती. पण यंत्राजवळ दिवसभर बसणाऱ्या अमेरिकेतील तरुण तारवाल्यांना १८४० च्या दशकाच्या अखेरीस पट्टी न पाहताच नुसत्या खटखटीवरून मजकूर समजू लागला. वरिष्ठांना हे पसंत पडले नाही. पट्टीवर लेखी पुरावा राहतो, कानाचा भरवसा काय? काही ठिकाणी ऐकून तार घेण्यास चक्क मनाई होती. पुढे ऐकून घेण्याचे काम जलद होते आणि चुकाही वाढत नाहीत असे दिसल्यावर पट्टी गेली आणि आवाज करणारे साधे 'साउंडर' यंत्र आले. आपल्याकडे ज्याला 'कडकट्ट' म्हणत ते हेच. ही सुधारणा कोणा संशोधकाच्या प्रयोगशाळेत झाली नाही, कामाच्या टेबलावर झाली, हे आम्हांला विशेष वाटते.

भारतात तार आणणारे विल्यम ओशॉनेसी यांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. हे गृहस्थ मूळचे डॉक्टर, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. १८३९ साली त्यांनी कलकत्त्यात बांबूंवरून तार ओढून प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार चालू झाली. त्यांचे सहकारी शिवचंद्र नंदी पूर्वी टांकसाळीत होते. पद्मा नदीच्या पात्रातून तार नेण्याची वेळ आली तेव्हा नंदींनी मच्छीमारांच्या नावांवरून ते काम पार पाडले, असे सांगतात. ओशॉनेसींनी संदेश घेण्यासाठी स्वतःचे एक स्वस्त, सुईचे यंत्र बनवले होते आणि देशभरातील पहिल्या तारा त्यावर चालल्या. मात्र परदेशी जाऊन मोर्सची पद्धत पाहिल्यावर १८५७ च्या सुमारास त्यांनी स्वतःचे यंत्र बाजूला ठेवून मोर्सचे स्वीकारले. शिकून तयार झालेल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. दुसऱ्याचे यंत्र मोडीत काढणे सोपे असते. स्वतःचे काढायला धैर्य लागते. स्वतंत्र भारतातही असा एक प्रसंग आला. १९४९ साली देवनागरीत तार पाठवण्याची सोय झाली आणि रोमन अक्षरांच्या टिंब-रेघा मुरलेल्या बोटांना बाराखडी शिकावी लागली.

रेल्वेत मात्र कागद आणि कान यांवर विसंबून राहणे धोक्याचे होते. ऐकण्यात किंवा लिहिण्यात एक चूक झाली तर दोन गाड्या समोरासमोर! म्हणून टोकन यंत्रे आली. आपल्याकडे सर्वत्र दिसणारे नीलचे यंत्र साधे आणि विलक्षण आहे. दोन स्थानकांवर दोन यंत्रे, तारेने जोडलेली, त्यांत लोखंडी गोळे. पलीकडच्या मास्तराने संमती दिल्याशिवाय गोळा सुटत नाही; आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी एकाही यंत्रातून दुसरा निघत नाही. शेजारच्या पट्ट्याचा गोळा या यंत्रात बसतही नाही. तो चालकाच्या हाती असणे हाच पुढे जाण्याचा परवाना. जे काम पूर्वी माणसाच्या सावधपणावर सोपवले होते ते आता यंत्राच्या रचनेत आले. ज्याचा कान तयार, त्या मास्तराची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली असेल. पण 'एका पट्ट्यात एक गाडी' हा नियम ज्याला समजला होता, त्याला गोळ्याची भाषा नवी वाटण्याचे कारण नव्हते.

लासूरच्या मार्गावर पुढे बदल थांबले नाहीत. १९५१ साली निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत आली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, १९९० च्या दशकात मीटर गेज जाऊन १६७६ मिलिमीटरचे ब्रॉड गेज आले, आणि मनमाडला माल एका गाडीतून दुसरीत भरण्याची कटकट संपली. वाफेची जागा डिझेलने घेतली. ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेली जालना-मुंबई वंदे भारत याच मार्गावरून विजेवर धावू लागली. देशातील सार्वजनिक तारसेवा तर २०१३ च्या जुलैमध्येच बंद झाली होती.

गोळ्याची जागा आता ठिकठिकाणी आस मोजणारी यंत्रे घेत आहेत. पट्ट्यात शिरताना रुळाशेजारचा संवेदक गाडीचे आस मोजतो, बाहेर पडताना दुसरा मोजतो. आकडे जुळले तर पट्टा रिकामा. एक डबा जरी मागे सुटला तरी आकडे जुळत नाहीत. वर्गात हे दोन दारे आणि मुलांची रांग यांनी करून दाखवता येईल. आणि यंत्रच बिघडले तर? तेव्हा मास्तर टेलिफोनवरून पुढच्या स्थानकाला विचारतो, दोघे खासगी क्रमांकांची देवाणघेवाण करतात, आणि चालकाच्या हाती 'लाइन क्लिअर'चा कागद लिहून दिला जातो.