पेटी बाळगायचा परवाना: रिपीटरच्या आड येणारी नव्वद वर्षांची गोष्ट

आजचा भाग रेडिओवर आहे, पण एफएमवर नाही. बोलायचा रेडिओ, म्हणजे वॉकीटॉकीवाला.

आमच्या कांदिवलीत पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: परत २६ जुलै झालं आणि मोबाईल बंद पडले तर? २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता, आणि फोन लागत नाही म्हणजे काय हे तेव्हा अख्ख्या मुंबईने पाहिलं. मग कोणीतरी स्वस्त वॉकीटॉकीची लिंक टाकतं. त्यावर दुसरा उत्साही माणूस लिहितो की ठाकूर व्हिलेजमधल्या एखाद्या उंच टॉवरच्या गच्चीवर रिपीटर बसवू, पार चारकोपपर्यंत ऐकू जाईल.

तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे. हातातला पाच वॅटचा सेट काँक्रीटच्या जंगलात एक-दोन किलोमीटरवर दम तोडतो. रिपीटर उंचावरून तो क्षीण आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी शेजारच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात परत बोलतो. हौशी रेडिओच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. एकच अँटेना, तिच्यावर पंचवीस वॅट ओरडणारा ट्रान्समीटर आणि मायक्रोव्होल्ट ऐकणारा रिसीव्हर! या दोघांना वेगळं ठेवायला डुप्लेक्सर लागतो: धातूचे उंच डबे, एकेक हाताने ट्यून केलेला. ऑनलाइन मिळणारा छोटासा चपटा डुप्लेक्सर बहुतेक वेळा पाच मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी असतो. तो इथे चालत नाही.

पण डुप्लेक्सर ही नंतरची अडचण. पहिली अडचण कायद्याची, आणि त्या कायद्याचं मूळ मुंबईतच आहे.

२३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. कंपनीची मोठी भिस्त श्रोत्यांच्या परवाना फीवर होती, वर्षाला दहा रुपये. लोकांनी काय केलं असेल? सेट घेतला, परवाना नाही घेतला. १८८५ चा टेलिग्राफ कायदा तारयंत्र 'उभारणं, चालवणं' यावर सरकारचा हक्क सांगत होता, पण कपाटात नुसता सेट ठेवला तर गुन्हा सिद्ध करणं अवघड. १९३० मध्ये कंपनी बुडाली, केंद्रं सरकारने चालवायला घेतली आणि फीचुकवेगिरीचा प्रश्न सरकारच्या गळ्यात आला. त्यातून १९३३ चा इंडियन वायरलेस टेलिग्राफी कायदा आला, १ जानेवारी १९३४ पासून लागू. त्याने एका शब्दाचा बदल केला: 'बाळगणं'. बोला किंवा बोलू नका, विनापरवाना यंत्र तुमच्याकडे सापडलं की गुन्हा. म्हणजे बघा, ज्याला आज आपण सुरक्षेचा नियम समजतो, तो जन्माला आला वसुलीसाठी.

सुरक्षेचा रंग त्याला नंतर चढला. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द झाले. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये, गवालिया टँकच्या सभेनंतर तीन आठवड्यांच्या आत, बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ट्रान्समीटर बांधायला होते नरिमन प्रिंटर, हौशी रेडिओतले जाणकार. केंद्र ४२.३४ मीटरवर लागायचं. गणित करून बघा, साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ होतात. आजही हौशी मंडळी बरोबर त्याच पट्ट्यात गप्पा मारतात! पोलीस माग काढत होते म्हणून जागा बदलत राहिल्या, चौपाटीपासून महालक्ष्मीपर्यंत. १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. स्वातंत्र्य मिळालं, सरकार काँग्रेसचंच, आणि १९४९ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती होऊन विनापरवाना ट्रान्समीटर बाळगण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आली. आधी पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत दंड होता. नव्या देशाला भीती असणार, ते समजू शकतं. पण मुंबईतल्या एका लपवलेल्या ट्रान्समीटरचं कौतुक पाठ्यपुस्तकात आणि कायद्यात त्याच पेटीला कैद, हे दोन्ही आपण एकाच वेळी बाळगलं.

घरातल्या रेडिओचा परवाना ऐंशीच्या दशकात गेला. आजी-आजोबांना विचारा, पोस्टात जाऊन पुस्तिकेवर शिक्का मारून आणायचे. ट्रान्समीटरचा मात्र राहिला. १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी परीक्षा, कॉलसाइन, लॉगबुक अशी चौकट दिली.

या चौकटीने काय जातं आणि काय मिळतं, दोन्ही २००४ मध्ये अंदमानात दिसलं. १९८७ नंतर तिथे हौशी केंद्राला परवानगीच मिळाली नव्हती. ती अखेर मिळाली म्हणून भारती प्रसाद यांची तुकडी डिसेंबरमध्ये पोर्ट ब्लेअरला होती. २६ तारखेला सुनामी आली, फोन गेले आणि बेटांवरचे निरोप त्यांच्या सेटवरून मुख्य भूमीवर पोचू लागले. परवानगी आणखी एक महिना लांबली असती तर? मी परीक्षेच्या विरोधात नाही. चुकीचा रिपीटर दुसऱ्याची फ्रिक्वेन्सी दिवसभर अडवू शकतो, तेही माईकवर कोणी नसताना. पण तयारी संकटाच्या आधी करायची असते आणि अर्जाला ती घाई नसते.

२०२३ चा दूरसंचार कायदा आला, २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होतोय, १८८५ आणि १९३३ दोन्हींची जागा घेतोय. मी उत्सुकतेने कलम ३ उघडलं. कोणाला अधिकारपत्र लागेल? सेवा देणाऱ्याला, नेटवर्क उभारणाऱ्याला, आणि रेडिओ उपकरण 'बाळगणाऱ्याला'. नव्वद वर्षांनी तोच शब्द.

म्हणून ग्रुपवरच्या त्या लिंकबद्दल. विनापरवाना सूट आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या कमी ताकदीच्या सेटना, आणि त्यांनाही उपकरणाची मान्यता हवी. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना तेरा नोटिसा काढल्या त्या याचसाठी: फ्रिक्वेन्सी काय, परवाना लागतो का, हे न सांगताच सेट विकले जात होते. गच्चीवरचा रिपीटर या सवलतीत बसत नाही. हौशी पट्ट्यात बसवायचा तर आधी माणसं तयार हवीत. वय बारा पूर्ण असेल तर रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा देता येते, मोर्स लागत नाही. मग क्लब आणि क्लबच्या नावाने परवाना. आणि तरीही पगारी वॉचमनने त्यावर 'बी विंगला टँकर आलाय' असं सांगायचं नाही, कारण हौशी सेवा कामधंद्यासाठी नसतेच. ते हवं असेल तर वेगळा परवाना, वेगळी फ्रिक्वेन्सी, दरवर्षी वेगळी फी.

चारकोप, समता नगर, ठाकूर व्हिलेज मिळून परीक्षेला बसायला कोण कोण तयार आहे, ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात डुप्लेक्सर उघडून बघू.