दोन शेजारणींची कंप्युटर कंपनी

बायकांचा धंदा बसला की गावात पहिलं वाक्य ऐकू येतं, "यांना हिशोब कुठं जमतोय!" आजची गोष्ट ऐका, मग काय ते ठरवा.

लोरे हार्प आणि कॅरोल ईली या अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, एकमेकींच्या शेजारणी. लोरे मूळची जर्मनीची. दोघींना घरी बसून कंटाळा आलेला, काहीतरी आपलं करावं असं वाटत होतं. लोरेचा नवरा बॉब इंजिनिअर. त्यानं कंप्युटरची स्मरणशक्ती वाढवणारा एक भाग, मेमरी बोर्ड, बनवून तसाच बाजूला ठेवला होता. दोघी म्हणाल्या, आम्ही विकतो. १९७६ साली सहा हजार डॉलर भांडवलावर घरातच 'व्हेक्टर ग्राफिक' सुरू झाली. बोर्डावरच्या भागांचे रंगसुद्धा एकमेकांना शोभले पाहिजेत, हा यांचा आग्रह. आपण पापडाच्या पाकिटाला लेबल निवडतो ना, तसंच!

पुढं त्यांनी अख्खे कंप्युटर बनवले आणि दुकानदारांमार्फत छोट्या व्यावसायिकांना विकले. १९८१ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. १९८२ मध्ये विक्री ३ कोटी ६० लाख डॉलरवर गेली. म्हणजे हिशोब जमत होता.

पण ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम ही बलाढ्य कंपनी छोटा कंप्युटर घेऊन बाजारात उतरली होती. आयबीएमचं नाव मोठं, हे तर खरंच. पण खरा घाव दुसरीकडेच बसला. एका मिक्सरचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. कंप्युटरचंही तसंच असतं. हिशोबाचे, पत्रं लिहिण्याचे प्रोग्रॅम ज्या यंत्रासाठी लिहिले, त्यावरच चालतात. प्रोग्रॅम लिहिणारे सगळे हळूहळू आयबीएमकडे वळले. गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारू लागलं, "यावर आयबीएमचे प्रोग्रॅम चालतात का?"

यावरून घरातच मतभेद झाले. बॉबचं म्हणणं, आपणही आयबीएमशी जुळणारं यंत्र काढू. लोरेला ते पटलं नाही. तोवर दोघांचा संसारही मोडला होता. अखेर बॉब कंपनीबाहेर पडला आणि त्यानं 'कोरोना' नावाची स्वतःची कंपनी काढून आयबीएमसारखीच यंत्रं विकली. व्हेक्टरनं १९८२ मध्ये 'व्हेक्टर ४' आणला. त्यात जुना आणि नवा असे दोन प्रोसेसर होते. जुनं गिऱ्हाईक दुखवायचं नाही आणि नवंही हवं! मला लोरेचा राग येत नाही. ज्यांनी सहा वर्षं आपला माल घेतला, त्यांच्याकडे पाठ फिरवणं सोपं नसतं. पण ते यंत्र आयबीएमशी पूर्ण जुळत नव्हतं, आणि गिऱ्हाइकाला तेवढंच हवं होतं.

विक्री भराभर घसरली. १९८५ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

आणि बॉबचं काय झालं, म्हणाल? त्याची कोरोनाही पुढं कोरियाच्या देवू कंपनीकडे गेली. तोवर आयबीएमसारखी यंत्रं बनवणारे पुष्कळ झाले होते.