वऱ्हाडचे ऊन आणि चंद्रावरचे ऊन

मे महिन्यात दुपारी दोन वाजता अकोल्याच्या स्टेशनावर उतरलेल्या माणसाला ऊन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पारा 45 अंशांच्या पलीकडे गेलेला असतो. पण आपल्या वाडवडिलांनी या उन्हावर तोड काढली होती. धाब्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, दाराला वाळ्याचा ओला पडदा, बैलगाडीला टांगलेली छागल आणि रात्री धाब्यावर अंथरूण. हे उपाय ध्यानात ठेवा. आज ज्या यानांची गोष्ट सांगायची आहे, त्यांच्याशी या उपायांचे जवळचे नाते आहे.

वर्गात हा विषय काढला की मुले हटकून विचारतात, ‘सर, अमरावतीहून चिखलदऱ्याला चढले तरी गार वाटते, मग त्याहून कितीतरी उंच गेलेले यान तापते कसे?’ प्रश्न चांगला आहे. चिखलदऱ्याला वारा आहे, तो अंगातली ऊब काढून नेतो. अंतराळात हवाच नाही, तेव्हा वाराही नाही. तिथे उष्णतेला बाहेर पडायला एकच वाट उरते, ती म्हणजे प्रारण. दिवसभर तापलेले धाबे रात्री उघड्या आभाळाकडे आपली ऊब टाकते ना, तसे.

म्हणून 4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाचा पहिला स्पुटनिक गेला, तेव्हा त्या गोळ्यात नायट्रोजन वायू भरून आत एक पंखा बसवला होता. आतल्या यंत्रांची ऊब पंख्याने कवचापर्यंत आणायची आणि कवचाने ती आभाळात सोडायची. अमेरिकेचे अपोलो-वीर चंद्रावर उतरले ते तर पाठीवर चक्क छागल घेऊन! सच्छिद्र पत्र्यातून पाणी झिरपे, पोकळीत त्याचे बर्फ होई, बर्फाची थेट वाफ होई आणि ती वाफ जाताना अंगाची उष्णता घेऊन जाई. अडचण छागलीचीच होती. पाणी संपले की गारवा संपला.

1979 च्या जुलैत ‘स्कायलॅब पडणार’ म्हणून गावोगावी उडालेली घाबरगुंडी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याच स्कायलॅबचे 14 मे 1973 रोजी उड्डाण होताना वरचे संरक्षक कवच फाटून गेले आणि आतला पारा 50 च्या वर चढला. पाठोपाठ गेलेल्या अंतराळवीरांनी एका झरोक्यातून घडीची छत्री बाहेर काढून उघडली, तेव्हा कुठे आत राहण्याजोगे झाले. एवढे मोठे शास्त्र, आणि शेवटी कामाला आली ती छत्री!

आता आपल्या घरची गोष्ट. 22 ऑक्टोबर 2008 रोजी चांद्रयान-1 निघाले. चंद्रापासून 100 किलोमीटरवरून ते फिरू लागले आणि नोव्हेंबरातच त्याचा पारा 50 च्या घरात गेला. वरून सूर्य आणि खालून तापलेला चंद्र! आपल्याकडे डांबरी सडकेवर भर दुपारी उभे राहिले म्हणजे तळपायांकडून येते ती धग आठवा. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी यान 20 अंशांनी वळवले, काही उपकरणे बंद केली. 19 मे 2009 रोजी कक्षा 200 किलोमीटरवर नेली. तरीही 29 ऑगस्टला संपर्क तुटला. दोन वर्षांसाठी पाठवलेले यान दहा महिन्यांत गेले, आणि त्यात उष्णतेचा हात होता असे इस्रोतूनच नंतर सांगण्यात आले. चंद्रावरच्या पाण्याचा माग त्याने लावला होता, म्हणून ते अपयशी म्हणू नये. पण हळहळ वाटते खरी.

मग यावर काही तोड? इथे उष्णतेच्या पंपाची कल्पना येते. पाणी आपोआप उताराकडे वाहते, तशी उष्णता आपोआप गरमाकडून थंडाकडे जाते. ती उलट न्यायची तर विहिरीवर मोट जुंपावी लागते. घरातला फ्रीज ही अशीच मोट. त्याच्या मागच्या बाजूला हात लावून पाहा, आतली ऊब तिथे आणून ओतलेली असते. गंमत अशी की, 1850 च्या सुमारास पियाझी स्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या ज्योतिषशास्त्रज्ञाने यंत्राने गारवा निर्माण करण्याची युक्ती मांडली, ती उष्ण प्रदेशातल्या खोल्यांसाठी! 1852 मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी तिला शास्त्रीय बैठक दिली.

यानाला तिचा उपयोग असा. काळा पत्रा 27 अंशांवर असेल तर दर चौरस मीटरमागे साधारण 460 वॉट उष्णता बाहेर टाकतो. तोच 127 अंशांवर नेला तर 1450 वॉट, म्हणजे तिपटीहून जास्त. चंद्राच्या विषुववृत्तावर भर दुपारी जमीन 120 अंशांच्या आसपास तापते. तिथे कोमट पत्रा उभा केला तर तो ऊब टाकण्याऐवजी जमिनीचीच ऊब पिऊन बसेल. पंपाने पत्रा जमिनीहून गरम केला, तरच उष्णता जाईल. म्हणून चंद्रावरच्या वस्तीचा विचार करणाऱ्यांनी हा पंप अभ्यासाला घेतला.

पण मोटेच्या बैलांना वैरण लागते. 27 अंशांवरची तीन भाग उष्णता 127 अंशांवर चढवायला, निसर्गाच्या नियमानेच, निदान एक भाग काम खर्चावे लागते, प्रत्यक्षात जास्तच. त्या कामाचीही उष्णता होते आणि तीही बाहेर टाकावी लागते. शिवाय वाटेत, जिथे वजन नाही, तिथे थेंब खाली बसत नाहीत. पंपातले तेल, द्रव आणि वाफ वेगळे करणे अवघड होते. तेव्हा यानांचा कारभार अजून मुख्यतः पांढरा रंग, चकचकीत पापुद्रे आणि उष्णता वाहणाऱ्या नळ्या यांवरच चालतो.

आणि रात्र? 23 ऑगस्ट 2023 रोजी विक्रम उतरले. त्यावरच्या तापमापकाने मातीत खुपसून पाहिले, तर वर 50 अंशांहून जास्त आणि अवघ्या 8 सेंटिमीटर खाली उणे 10! माती इतकी उष्णता अडवते. पण चौदा दिवसांच्या रात्रीत सूर्य नाही, वीज नाही, मग पंप कशाच्या बळावर चालणार? तिथे शेकोटीच हवी. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सारी द्रव्याच्या एकेक वॉटच्या दोन शेकोट्या केल्या होत्या. त्या चंद्राभोवती फिरणाऱ्या भागावर होत्या, विक्रमवर नव्हत्या. 4 सप्टेंबरला विक्रमला निजवले. 22 तारखेला पुन्हा ऊन आले, तेव्हा बंगळुरूहून हाका मारल्या; उत्तर आले नाही.